रक्तातील चरबीची गोळी आणि रक्ताचा दाब



या वसंतोत्सवाच्या व्यासपीठावरून आजवर आम्ही बोललो ते बोनसवर, किमान वेतनावर आणि कंत्राटी पद्धतीवर. यंदा चालकांनी विषय विचारला आणि आम्ही 'कोलेस्टेरॉलची गोळी व रक्तदाब' असे उत्तर दिले, तेव्हा त्यांचा चेहरा थोडा पडला. कामगार संघटनेच्या माणसाने वैद्यकात नाक कशाला खुपसावे, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. आम्ही वैद्यकाचे पदवीधर नाही. पदवीधर तर कशाचेच नाही. जे थोडेफार शिकलो ते रात्रपाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून. पण या विषयाकडे आम्ही हौसेने वळलेलो नाही. आमच्या हातून एक चूक घडली, तिने आम्हांस इकडे वळविले.

वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करणारा आमचा एक साथी आहे. वय पन्नाशीच्या पुढे. वर्षाच्या तपासणीत त्याचा रक्तदाब १६० वर १०० निघाला आणि त्याला त्याची गोळी सुरू झाली. पुढल्या वर्षी रक्तातील कोलेस्टेरॉलही वाढलेले दिसले, म्हणून डॉक्टरांनी दुसरी एक गोळी जोडली. त्याच सुमारास आमच्या वाचनात असे आले, की कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या गोळ्यांनी रक्तदाबही उतरतो. नवी गोष्ट कळली की ती चारचौघांना सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. द्वारसभा आटोपल्यावर चहाच्या टपरीवर आम्ही ती सांगितली. "म्हणजे दादा, एकाच गोळीत दोन्ही कामं होतात म्हणा की!" असे आमचा साथी म्हणाला, आणि सगळे हसले. आम्हीही हसलो.

त्याने ते मनावर घेतले. त्याचा पगार नुकताच कामगार विम्याच्या मर्यादेपलीकडे गेला होता. २०१७ च्या जानेवारीत ही मर्यादा महिना २१,००० रुपये करण्यात आली. तिच्या पुढे चार पैसे जास्त मिळू लागले, की विम्याचा दवाखाना सुटतो आणि औषध खिशातून आणावे लागते. पगारवाढ आम्हीच भांडून मिळवून दिली होती, हेही येथे सांगून टाकतो. तेव्हा मुलांची फी, घराचा हप्ता आणि औषधाचे बिल यांची जुळवाजुळव करताना त्याने दाबाची गोळी बंद केली आणि चरबीची चालू ठेवली. चारपाच महिन्यांनी दुसऱ्या पाळीत, मशीनसमोर उभा असताना, त्याचा डावा हात लुळा पडला.

आम्ही वाचले होते ते खोटे नव्हते. ते अर्धे होते. उरलेले अर्धे शोधण्यास आम्हांस बराच काळ लागला, आणि तेच आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे.

हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत प्रौढांपैकी शेकडा ३५.५ जणांना वाढलेला रक्तदाब आणि शेकडा २४ जणांना वाढलेले कोलेस्टेरॉल आढळले. या मांडवात जेवढी डोकी दिसत आहेत त्यांतील दर तिसरे डोके, म्हणा ना. त्यांतील पुष्कळांना दोन्ही व्याधी एकदमच असतात, आणि दोन्ही व्याधी असल्या म्हणजे दोन गोळ्या घेण्याऐवजी एकीवर भागेल काय, हा विचार मनात येणे अगदी साहजिक आहे. गरिबाच्या मनात तर तो आधी येतो.

आता मूळ समजूत काय आहे ती पाहू. ती समजण्यास आपल्या शहराइतके सोयीचे शहर दुसरे नाही. मलिक अंबराच्या काळापासून येथे नहरींनी पाणी आणलेले आहे. पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे: कोसांवरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी येते, उंच बांधीव भिंतीवर चढते, आणि तेथून खाली कोसळून चक्कीचे पाते फिरविते. नळ, पाणी आणि दाब या तीन गोष्टी येथल्या पोरासोरांनाही शिकवाव्या लागत नाहीत. आणि पैठणहून येणारी जलवाहिनी फुटल्याची बातमी वाचतच आमची एक पिढी म्हातारी झाली, तो भाग वेगळा.

तेव्हा लोक असे समजतात: शरीरातील रक्तवाहिन्या म्हणजे नहरीचे नळ. कोलेस्टेरॉल म्हणजे नळाच्या आत बसणारा क्षार. क्षार बसला की नळ अरुंद होतो आणि दाब वाढतो. गोळी घेतली की क्षार खरवडून निघतो, नळ मोकळा होतो, दाब उतरतो. ऐकावयास किती सरळ! आमचीही समजूत हीच होती, आणि टपरीवर आम्ही हीच सांगितली. तिच्यात तीन ठिकाणी खोट आहे.

पहिली खोट अशी, की रक्तदाब मुख्यतः ठरतो तो मोठ्या नळांत नव्हे. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रोहिण्या पुढे फुटत फुटत केसाएवढ्या बारीक होतात, आणि या बारीक रोहिण्यांच्या भिंतीत स्नायूंचे वेढे असतात. ते आवळले की वाट अरुंद होते, सैल पडले की रुंद. दाबाची खरी चावी तेथे आहे. पॉझय नावाच्या फ्रेंच डॉक्टराने एकोणिसाव्या शतकात बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो हे मोजून ठेवले आहे. त्याच्या नियमाप्रमाणे नळीची त्रिज्या शेकडा १० ने कमी झाली, की अडथळा जवळजवळ दीडपट होतो. एवढ्याशा आवळण्याने एवढा फरक पडतो. आणि कोलेस्टेरॉलचा थर बसतो तो या बारीक रोहिण्यांत नव्हे, तर हृदयाच्या, मेंदूकडे जाणाऱ्या आणि पायाच्या मोठ्या व मध्यम रोहिण्यांत.

दुसरी खोट: एखाद्या ठिकाणी थर बसून वाट अरुंद झाली, तर सबंध शरीरातील दाब वाढत नाही, त्या अडथळ्याच्या पुढच्या भागाला रक्त कमी पडते. वस्तीतल्या एका गल्लीचा नळ तुंबला म्हणून गावाच्या टाकीतील पाणी वर चढत नाही, त्या गल्लीतील बायकांचे हंडे रिकामे राहतात. हृदयविकाराचा झटका म्हणजे असे रिकामे हंडे. याला एक अपवाद आहे. मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी अरुंद झाली, तर मूत्रपिंडाला वाटते की सगळीकडेच रक्त कमी पडले आहे, आणि ते दाब वाढविणारे द्रव्य सोडते. परंतु वाढलेल्या रक्तदाबाच्या बहुसंख्य रुग्णांत हे कारण नसते.

तिसरी खोट गोळीच्या कामाविषयी आहे. गोळी काही खरवडत नाही. आपल्या शरीरातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग यकृतात तयार होतो, आणि तो तयार करण्याच्या कामी एक विकर लागते. स्टॅटिन जातीची गोळी त्या विकराला अडविते. कारखान्याच्या भाषेत सांगावयाचे तर एका खात्याचे काम बंद पडते आणि पुढची सगळी साखळी थांबते. मग यकृताला स्वतःच्या गरजेसाठी रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते, आणि रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल, ज्याला एलडीएल म्हणतात, ते उतरते. आधी बसलेला थर यामुळे फारसा वितळत नाही. तो घट्ट होतो, फुटण्याची भीती कमी होते. झटका येतो तो बहुधा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी बसल्याने, म्हणून हा लाभ लहान नव्हे.

या गोळीचा शोध लावणारा माणूस आम्हांस फार जवळचा वाटतो, म्हणून दोन वाक्ये. अकिरा एन्डो हा जपानातील अकिता प्रांतातील शेतकऱ्याचा मुलगा. फ्लेमिंगने बुरशीतून पेनिसिलीन काढले, हे वाचून त्याला बुरशीचे वेड लागले. औषधाच्या कंपनीत नोकरीला असताना त्याने हजारो बुरशा एकामागून एक तपासल्या, आणि १९७३ च्या सुमारास तांदळावरच्या एका निळसर हिरव्या बुरशीत त्याला हवे ते द्रव्य सापडले. या जातीची बाजारात आलेली पहिली गोळी अमेरिकेत १९८७ साली मंजूर झाली. ती दुसऱ्या कंपनीची होती आणि दुसऱ्या बुरशीतली होती. एन्डो २०२४ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली सरकारी पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला तेव्हा बुरशीपासून औषध ही गोष्ट महाराष्ट्रातील कामगारांच्या हाताखालून गेलेली आहे. भाकरीवरची बुरशी फेकून देताना आम्हांस ही सगळी मंडळी आठवतात.

बरे, नळाची उपमा फसली. मग या गोळीने रक्तदाब उतरतो असे जे आम्ही वाचले, ते कोठून आले? त्यालाही शास्त्राचा आधार आहे, फक्त तो वेगळ्या बाजूने आहे.

रक्तवाहिनीच्या आत एका पेशीच्या जाडीचे तलम अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू किंचित प्रमाणात सोडते, आणि त्या वायूने भोवतालचा स्नायू सैल पडतो. हा शोध लावणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की या गोष्टीचा अनुभव कामगारांनी त्यापूर्वी कितीतरी वर्षे घेतलेला होता. नोबेल ज्या डायनामाइटवर श्रीमंत झाला, त्यात नायट्रोग्लिसरीन असते. ते बनविणाऱ्या कारखान्यांत कामगारांची डोकी सोमवारी भयंकर दुखत, आणि पुढे आठवडाभरात दुखणे कमी होई. अंगात जाणाऱ्या त्या द्रव्याने रक्तवाहिन्या सैल पडत. शरीराला सवय होई. रविवारच्या सुटीत सवय मोडे आणि सोमवारी पुन्हा डोके. ज्यांच्या छातीत कळ येई त्यांना कामाच्या दिवशी बरे वाटे आणि सुटीच्या दिवशी कळ येई. छातीत दुखू लागले की जिभेखाली ठेवतात ती गोळी याच घराण्यातली. कामगाराच्या दुखण्याकडे लक्ष दिले तर त्यातून शास्त्र निघते, याचे इतके चांगले उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

रक्तात एलडीएल वाढले की अस्तराचे हे वायू सोडण्याचे काम मंदावते. स्टॅटिनने ते पुन्हा सुधारते; एलडीएल उतरल्यामुळे सुधारते, आणि गोळीचा अस्तरावर काही प्रमाणात थेटही परिणाम होतो. शिवाय रोहिण्या आवळणाऱ्या एका संप्रेरकाला पेशींवर जी दारे लागतात, त्यांची संख्या या गोळीने घटते असेही प्रयोगात दिसले आहे. तेव्हा गोळीने दाब थोडा उतरावा यात आश्चर्य नाही. प्रश्न एवढाच, की 'थोडा' म्हणजे किती? आम्ही टपरीवर सांगितले त्यात हा आकडा नव्हता. आकडा सोडून सांगितलेली बातमी म्हणजे रक्कम न लिहिलेला करार. असा करार आम्ही मालकाकडून कधी घेतला नसता.

आकडे असे. २००७ साली २० चाचण्यांची एकत्र मोजदाद प्रसिद्ध झाली. त्यांत मिळून ८२८ माणसे होती. वरचा दाब सरासरीने १.९ मिलिमीटर उतरलेला दिसला. ज्यांचा दाब आधीच १३० च्या वर होता त्यांच्यात सुमारे ४. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील ९७३ स्त्रीपुरुषांवरची चाचणी आली. त्यांना सहा महिने स्टॅटिन किंवा हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली होती. गोळीवाल्यांचा वरचा दाब बिनऔषधीवाल्यांपेक्षा २.२ ने आणि खालचा २.४ ने कमी निघाला.

येथे थोडे थांबून, ही बिनऔषधी गोळी मध्ये कशाला, ते सांगितले पाहिजे, कारण याच ठिकाणी शहाणीसुरती माणसे फसतात. रक्तदाब ही चीज स्थिर नसते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा, जिना चढून आलेल्याचा, तंबाखू मळून नुकतीच तोंडात टाकलेल्याचा, साहेबाने झापलेल्याचा दाब वेगवेगळा. एकाच माणसाचा एकाच दिवसात दहापंधरा मिलिमीटर इकडेतिकडे सहज होतो. डॉक्टर औषध सुरू करतात ते दाब चढलेला सापडतो त्या दिवशी. दुसऱ्या खेपेस तो पुष्कळदा आपोआपच थोडा उतरलेला असतो, आणि श्रेय गोळीला मिळते. म्हणून दोन सारख्या रांगा करावयाच्या, एकीस औषध द्यावयाचे आणि दुसरीस नुसती गोळी, कोणाला काय दिले ते कोणालाच कळू द्यावयाचे नाही, आणि शेवटी दोन रांगांतील फरक मोजावयाचा. खरा परिणाम तो. कोणी छाती ठोकून सांगू लागला की 'मला चरबीची गोळी सुरू केली आणि माझा दाब वीसने उतरला', तर त्याला खोटा म्हणू नये. पण त्याचा हिशेब अपुरा आहे एवढे ओळखावे.

२०१० साली इटलीतून आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली, आणि आमच्या मते ती फार महत्त्वाची. वाढलेला रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल ही दोन्ही असलेली ५०८ माणसे घेतली होती, म्हणजे अगदी आमच्या साथीसारखी. सर्वांना दाबाची गोळी चालू होती. निम्म्यांना तिच्या जोडीस स्टॅटिन. दाब नुसता दवाखान्यात न मोजता दंडाला यंत्र बांधून चोवीस तास मोजला. सरासरी अडीच वर्षांहून अधिक काळ पाहिले. स्टॅटिनने दाब आणखी उतरला असे काही दिसले नाही.

म्हणजे हिशेब असा पडतो. दाबाची गोळी चालू नसलेल्या माणसात स्टॅटिनने दोन, फार तर चार मिलिमीटर. दाबाची गोळी नीट चालू असलेल्यात जवळजवळ काही नाही. याउलट रक्तदाबाची कोणतीही एक साधी गोळी पूर्ण मात्रेत घेतली, तर वरचा दाब सरासरीने सुमारे ९ मिलिमीटर उतरतो. आमच्या साथीचा दाब १६० होता. नऊची गोळी सोडून त्याने दोनच्या गोळीवर भिस्त ठेवली. चाळीस ते सत्तर या वयात वरचा दाब २० मिलिमीटरने जास्त असला तर अर्धांगवायूने मरण्याचा धोका दुपटीहून अधिक होतो, हे दहा लाख माणसांच्या माहितीवरून २००२ सालीच सिद्ध झालेले आहे. आमचा साथी जगला, एवढे आमचे भाग्य.

त्याच २००२ च्या अभ्यासात एक गोष्ट अशी आहे, की जी वाचून आम्ही पुन्हा घोटाळ्यात पडलो होतो. एखाद्या समाजात सर्वांचाच दाब सरासरीने दोन मिलिमीटर कमी असेल, तर मध्यम वयात अर्धांगवायूचे मृत्यू शेकडा १० ने कमी होतील, असे त्यात म्हटले आहे. मग दोन मिलिमीटर थोडे की पुष्कळ? दोन्ही. महागाई भत्त्यात दर माणशी दोन रुपयांची वाढ घेऊन कोणी घरी आनंदाने जाणार नाही. पण मालकाला दोन हजार माणसांचे ते वर्षभर द्यावे लागले की तो घाम पुसतो. समाजाच्या हिशेबात दोन मिलिमीटर मोठे आहेत. एका माणसाच्या डोक्यात रक्तवाहिनी फुटण्याच्या किंवा तुंबण्याच्या बेतात असता ते त्याला वाचवीत नाहीत.

कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब ही दोन निराळी प्रकरणे आहेत, याचा याहून कडक पुरावा २००६ साली मिळाला. एका बड्या अमेरिकन कंपनीने टॉरसेट्रापिब नावाचे औषध काढले होते. ते चांगले कोलेस्टेरॉल फार वाढवी आणि वाईट कोलेस्टेरॉल सुमारे पाव हिश्श्याने उतरवी. कागदावर पाहिले तर सोने. १५,००० हून अधिक रुग्णांना निम्मेनिम्मे वाटून चाचणी चालू होती. त्या औषधाने वरचा रक्तदाब सरासरीने पाच मिलिमीटरहून अधिक चढला, आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होऊ लागले: तिकडे ९३, तर इकडे ५९. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी घाईने बंद करण्यात आली आणि औषध कधीच बाजारात आले नाही. कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे दाब उतरलाच पाहिजे, हे खरे असते तर असे घडतेच ना. ते औषध स्टॅटिन जातीचे नव्हते, हे मात्र येथे बजावून सांगतो. नाही तर उद्या कोणी या भाषणावरून आपली गोळी टाकून द्यावयाचा, आणि आमच्या माथी दुसरे पाप.

कारण आता आम्ही उलट बाजू सांगणार आहोत. चरबीच्या गोळीने दाब उतरत नाही, तर दाबाच्या रुग्णाने ती घ्यावी कशाला? याचे उत्तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आहे. ती ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपात झाली. रक्तदाबाचे १०,३०५ रुग्ण, ज्यांचे कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नव्हते, त्यांच्यापैकी निम्म्यांना १० मिलिग्रॅम अटोरव्हास्टॅटिन दिले. पाच वर्षे चालावयाची चाचणी सव्वातीन वर्षांतच थांबवावी लागली, कारण फरक उघड दिसू लागला. हृदयविकाराचे झटके शेकडा ३६ ने कमी, अर्धांगवायू शेकडा २७ ने कमी. आणि दोन्ही रांगांतील माणसांचा रक्तदाब मात्र सारखाच राहिला होता! म्हणजे गोळीने वाचविले ते दाब उतरवून नव्हे, आपल्या स्वतःच्या वाटेने. वाढलेला दाब अस्तराला ओरखडे पाडतो आणि त्या ओरखड्यांतून कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते. चोर दोन आहेत, आणि एकाला पकडल्याने दुसरा घरी जात नाही.

दोन कामे, दोन औषधे. ती एका गोळीत घालता येणार नाहीत काय, हा आमच्या साथीचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. आपल्या देशातील शास्त्रज्ञांनी तोच विचारला. बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेच्या पुढाकाराने भारतातील ५० केंद्रांवर २,०५३ माणसांत एक चाचणी झाली आणि २००९ साली प्रसिद्ध झाली. अहमदाबादला बनविलेल्या एकाच कॅप्सूलमध्ये स्टॅटिन, रक्तदाबाची तीन औषधे आणि ॲस्पिरिन अशी पाच औषधे भरलेली होती. तिने वरचा दाब ७.४ मिलिमीटरने आणि खालचा ५.६ ने उतरविला. यांत मर्म असे, की दाब उतरला तो त्या तीन औषधांनी. ती जितकी जास्त, तितका दाब जास्त उतरला. एका गोळीत दोन्ही कामे होतात, मात्र त्या गोळीत दोन्ही औषधे असावी लागतात.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. दोन्ही गोळ्या घेताना एक बाब डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावी. सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन आणि ॲम्लोडिपीन हे दाबाचे अगदी नेहमीचे औषध बरोबर घेतले, तर पहिल्याचे रक्तातील प्रमाण वाढते. म्हणून अमेरिकेच्या औषधखात्याने २०११ साली त्या जोडीत सिम्व्हास्टॅटिनची मात्रा रोज २० मिलिग्रॅमपुरती बांधून दिली. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल चालू असेल तर १० मिलिग्रॅम. प्रमाण फार वाढले तर स्नायूंना इजा होते. तशी इजा विरळा, पण अंग विलक्षण दुखून लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अंगदुखी मात्र हमालाला आणि प्रेसवाल्याला गोळीवाचूनही असतेच. २०२० साली इंग्लंडात अशा ६० माणसांवर प्रयोग झाला, ज्यांनी त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडले होते. त्यांना काही महिने खरी आणि काही महिने बिनऔषधी गोळी दिली, तेव्हा त्यांच्या त्रासापैकी दहांतला नऊ भाग बिनऔषधी गोळीवरही झाला. माणसे खोटे बोलत नव्हती. त्रास खराच होता, गोळीचा नव्हता.

खर्चाबद्दल. १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्याकडे औषधाच्या द्रव्यावर पेटंट मिळत नसे, ते बनविण्याच्या कृतीवर मिळे. २००५ पर्यंत हा कायदा तसा होता. त्यामुळे ही औषधे येथील कारखान्यांनी लवकर बनविली आणि स्वस्त विकली. अटोरव्हास्टॅटिन आणि ॲम्लोडिपीन दोन्ही आज जनऔषधी दुकानात मिळतात, आणि दोन्ही मिळून महिन्याला जो खर्च येतो त्याहून अधिक पैसे आमच्यापैकी पुष्कळजण तंबाखूच्या पुड्यांवर घालवितात. हे आम्हांस वेळीच ठाऊक असते तर त्या दिवशी टपरीवर आम्ही शास्त्र सांगण्याऐवजी दुकानाचा पत्ता सांगितला असता. सरकारी दवाखान्यांतून रक्तदाबाच्या औषधाचा एकच ठराविक क्रम लावण्याचा आणि रुग्णांची नोंद ठेवण्याचा जो कार्यक्रम २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झाला, त्याचा रोख हाच आहे: साधी गोळी, रोज, न चुकता. रक्तदाब दुखत नाही, कोलेस्टेरॉल दुखत नाही, म्हणून गोळी चुकते.

आमच्या युनियनच्या कचेरीत आता दर पगाराच्या आठवड्यात रक्तदाब मोजण्याचे यंत्र टेबलावर ठेवलेले असते. आलेल्या माणसाने पाच मिनिटे गप्प बसावयाचे, तोंडातील तंबाखू थुंकून यावयाचे, पाय जमिनीला टेकवून दंड उघडा करावयाचा. दोनदा मोजतो आणि दुसरा आकडा वहीत लिहितो. वहीत दाबाच्या गोळीचा एक रकाना आहे आणि चरबीच्या गोळीचा दुसरा. कोणी म्हणाले की डॉक्टरांनी एक बंद केली, तर चिठ्ठी पाहिल्याशिवाय आम्ही तो रकाना कोरा सोडत नाही. वही लिहिण्याचे काम आमच्या त्या साथीकडे आहे. प्रेसवर तो परत जाऊ शकला नाही. त्याला स्टोअरमध्ये हलके काम मिळावे म्हणून सात महिने भांडावे लागले, ती हकीकत दुसऱ्या व्याख्यानाची. डावा हात अजून पुरता वळत नाही, लिहितो तो उजव्याने. गेल्या खेपेस त्याने स्वतःच्या नावापुढे १३४ वर ८२ लिहिले, आणि दोन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या.